एका बाजूची गाडी आणि दाभोळचा धक्का

अम्मींचे नाव यंदा हजच्या कुर्‍यात निघाले नाही. प्रतीक्षा यादीत राहिले. त्या दिवशी त्या फारसे बोलल्या नाहीत. रात्री इशाच्या नमाजनंतर एवढेच म्हणाल्या, “बेटा, तिकडचे बोलावणे येईल तेव्हा येईल. तोवर एकदा दाभोळ दाखवा. नानांचे गाव लहानपणी पाहिले होते, आता नीट आठवतही नाही.”

दिवाळीची सुट्टी तोंडावर होती. आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी अशा पाच जणांचा बेत ठरला. पनवेलहून निघायचे, किनार्‍याकिनार्‍याने दाभोळला जायचे, नात्यातल्या घरी मुक्काम करायचा, दुसर्‍या दिवशी खाडी ओलांडून गुहागरमार्गे रत्नागिरी गाठायची आणि तिथून कोकण रेल्वेने परत यायचे. अम्मींच्या गुडघ्यांना परतीचा तेवढाच प्रवास पुन्हा गाडीत बसून करणे जमणारे नव्हते. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी सुरू होते, ते वेळेवर मिळाले. उरला प्रश्न गाडीचा. आम्हाला ती फक्त जाताना हवी होती आणि रत्नागिरीत सोडून द्यायची होती. काम सोपे वाटले. तसे ते नव्हते.

गाडीचा शोध

पहिल्यांदा आम्ही स्वतः चालवायची भाड्याची गाडी पाहिली. एका कंपनीच्या अ‍ॅपवर ‘वन-वे’ असे स्पष्ट लिहिले होते. आगाऊ रक्कम भरली. दोन दिवसांनी फोन आला की एका बाजूची सोय ठराविक मोठ्या शहरांपुरतीच आहे, तुमची गाडी पनवेललाच परत आणावी लागेल. पैसे परत मिळाले, पण तीन आठवड्यांनी. चूक आमचीही होती. अटींचे पान आम्ही पैसे भरल्यावर वाचले.

अशी गाडी दापोली-गुहागरसारख्या ठिकाणी सहज का मिळत नाही, याला एक कारण आहे. चालकाविना गाडी भाड्याने देण्यासाठी केंद्र सरकारची 1989 ची योजना आहे. तिच्या मूळ नियमांत परवाना मागणार्‍याकडे किमान 50 गाड्या हव्यात अशी अट होती. तालुक्याच्या गावात दोन-चार गाड्या बाळगणार्‍याला ते कुठून जमणार? त्यामुळे हा धंदा शहरांतच वाढला. आणि ज्या गावात कंपनीचे ठाणे नाही, तिथे गाडी सोडली तर ती परत आणायला माणूस पाठवावा लागतो. ‘एका बाजूचे जादा शुल्क’ म्हणतात ते त्या माणसाच्या प्रवासाचे आणि वाया गेलेल्या दिवसाचे पैसे असतात.

मग एका ओळखीच्यांनी स्वतःची गाडी देऊ केली. “पेट्रोल तुमचे, वर थोडे पैसे द्या. रत्नागिरीत माझा भाचा आहे, तो घेऊन येईल.” दर निम्म्यावर आला होता. मोह झाला, खोटे का बोला! पण त्या गाडीची पाटी पांढरी होती. चालकासह मिळणार्‍या टॅक्सीची पाटी पिवळी आणि त्यावरची अक्षरे काळी असतात. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढर्‍या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. पाच जीव घेऊन असे निघणे बरे वाटले नाही. आभार मानून नकार दिला.

शेवटी राहिली चालकासह टॅक्सी. मालकांनी हिशेब मांडला. दिवसाला किमान 300 किलोमीटर धरणार, मग गाडी तेवढी चालो वा न चालो. दर किलोमीटरला 14 रुपये. जाण्याचे दोन दिवस आणि रिकामी गाडी परत आणण्याचा एक, असे तीन दिवस. म्हणजे 900 किलोमीटरचे 12,600 आणि ड्रायव्हरचा भत्ता रोज 400 प्रमाणे 1,200. एकूण 13,800 रुपये. टोल आणि फेरीबोट वेगळी.

आम्ही म्हणालो, “पण आम्ही तर एकाच बाजूने जाणार!” मालक हसून म्हणाले, “तुम्ही एकाच बाजूने जाल हो. गाडीला घरी यावेच लागते.”

या एका वाक्याने आमचे डोळे उघडले. गाडीला घरी यावेच लागणार असेल, तर तिला फार लांब न्यावे कशाला?

खाडीवर तोडलेला प्रवास

नकाशा पुन्हा पाहिला. दाभोळपर्यंत रस्ता आहे, पुढे वाशिष्ठीची खाडी. पलीकडे धोपावे आणि गुहागर तालुका. 2003 पासून या दोन धक्क्यांमध्ये गाड्या वाहून नेणारी फेरीबोट चालते. मग ठरवले की पनवेलची गाडी दाभोळलाच सोडायची. खाडी आपण पायी उतारू म्हणून ओलांडायची आणि धोपाव्याला गुहागरची गाडी बोलवायची. ती आम्हाला तवसाळ-जयगड फेरीने रत्नागिरीला सोडून त्याच दिवशी आपल्या घरी जाईल.

नवा हिशेब असा झाला. पनवेलच्या गाडीचे दोन दिवस, म्हणजे 8,400 आणि भत्ता 800, मिळून 9,200. गुहागरच्या गाडीचे ठरवून 3,500. एकूण 12,700. बचत फक्त 1,100 रुपयांची. पण कोणतीच गाडी विनाकारण लांबवर रिकामी धावणार नव्हती, हे मनाला पटले.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. आपण ती तिलावतीत वाचतो आणि व्यवहारात “अहो, आपलाच माणूस आहे” म्हणून विसरतो. या वेळी आम्ही मोबाइलवर सगळे लिहून मालकांना पाठवले आणि त्यांच्याकडून ‘मान्य’ असे उत्तर घेतले. निघण्याची वेळ, मार्ग, किलोमीटरचा दर, टोल आणि फेरीचे पैसे कोणाचे, नमाज आणि जेवणासाठी थांबे, गाडी नादुरुस्त झाली तर दुसरी कोण देणार, सगळे लिहिले. एक गोष्ट मात्र लिहायची राहिली. ती पुढे येईल.

रस्ता

फजर पढून सहाच्या सुमारास निघालो. माणगावला महामार्ग सोडला, म्हसळ्यावरून श्रीवर्धनकडे वळलो. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीवर चढली तेव्हा मुलांना मोठी गंमत वाटली. सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरलो की रत्नागिरी जिल्हा. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै. समुद्र सतत उजव्या हाताला. केळशीला याकूब बाबांचा दर्गा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांना या बुजुर्गांविषयी मोठा आदर होता.

रेवसपासून रेड्डीपर्यंत असा किनार्‍याने जाणारा सागरी मार्ग व्हावा, हे स्वप्न 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री असलेल्या बॅ. ए. आर. अंतुले यांचे. रस्ता बराचसा झाला, तरी मधल्या मोठ्या खाड्यांवर प्रवाशाला फेरीबोटीचाच आधार घ्यावा लागतो.

दापोलीत जोहरची नमाज अदा केली. प्रवासात चार रकातींच्या दोन होतात. अम्मींचे माहेर कोकणी, म्हणून शाफई. त्या घरात प्रवासात जोहर आणि असर एकत्र पढण्याची मुभा घेतात. आम्ही हनफी, आम्हाला असरला पुन्हा थांबायचे होते. मुलांनी विचारले, “मग बरोबर कोण?” अम्मी म्हणाल्या, “दोघेही. अल्लाहने सवलत दिली, भांडण नाही दिले.”

आंजर्ल्याजवळ एक गोष्ट आमच्या लक्षात आली होती. ड्रायव्हर दादांनी गाडी बाजूला घेऊन तोंडावर पाणी मारले, दोन मिनिटे डोळे मिटले. आम्ही पाहिले आणि गप्प राहिलो. वेळेत पोहोचायचे होते ना!

दाभोळ

दाभोळ आज शांत गाव आहे. माडांच्या सावलीतली घरे, मासळीचा वास, धक्क्यावर फेरीची वाट पाहणार्‍या मोटारसायकली. पण बहमनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनार्‍यावरचे नामांकित बंदर होते. अरबस्तान आणि इराणकडे जहाजे इथून सुटत. अफानासी निकितिन हा रशियन प्रवासी 1470 च्या दशकाच्या सुरुवातीला मायदेशी जाण्यासाठी इथूनच जहाजात बसला. हुरमुझला निघालेले ते जहाज आधी भरकटत आफ्रिकेच्या किनार्‍याला लागले. डिसेंबर 1508 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर लुटून जाळले. त्यातूनही ते पुन्हा उभे राहिले.

धक्क्यापासून जवळच ती मशीद आहे जिच्यासाठी आम्ही आलो होतो. एक मोठा घुमट, चार मिनार, पायर्‍या आणि समोर हौद. घुमटाच्या आकारावरून लोक तिला ‘अंडा मशीद’ म्हणतात. माँसाहेबांची मशीद हे तिचे दुसरे नाव. सांगतात ते असे. विजापूरच्या राजघराण्यातली आयेशा बीबी 1659 च्या सुमारास हजला जाण्यासाठी मोठा लवाजमा घेऊन दाभोळला आली. पण रस्ता सुरक्षित राहिला नव्हता. जहाज सुटले नाही. हजसाठी आणलेला पैसा तिने ही मशीद बांधण्यात खर्च केला आणि ती परत गेली.

अम्मी पायरीवर बसल्या. बराच वेळ तसबीह फिरवत होत्या. मग म्हणाल्या, “बादशहाच्या घरातली बाई. फौज होती, पैसा होता, फक्त रस्ता नव्हता. ती रिकाम्या हाताने नाही परतली. मी कशाला रडू?”

वाट निर्धोक असणे ही हज फर्ज होण्याच्या अटींपैकी एक आहे, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. त्या पायरीवर ते समजले.

अम्मींचे नाना मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. भारतातून समुद्रमार्गे हजला जाणे 1995 नंतर बंद झाले. जुन्या काळी निघण्याआधी माणूस दारोदार जाऊन कर्ज चुकते करी, कामगाराची मजुरी देई, बोलले-चालले माफ करून घेई. परत येऊ की नाही, कोणाला ठाऊक? अम्मी हे सांगत होत्या आणि आम्हाला धक्क्यावर उभी असलेली गाडी आठवत होती.

न लिहिलेली ओळ

मगरिबनंतर ड्रायव्हर दादा निरोप घ्यायला आले. “रात्रीच निघतो. सकाळी पनवेलला दुसरी ट्रिप आहे.” आम्ही चकित झालो. त्यांचे दोन दिवस तर आम्ही दिलेले होते! हळूहळू उलगडले. किलोमीटरचे पैसे मालकाचे, दादांच्या हाती फक्त भत्ता. लवकर पोहोचले तर उद्याच्या ट्रिपचे आणखी 400 रुपये. आणि थांबायचे तरी कुठे? झोपण्याची सोय आमच्या लिहिलेल्या व्यवहारात नव्हती. थांबलेच असते तर गाडीतच पाय दुमडून झोपले असते.

गाडीची परतीची वाट आम्ही नीट मोजली होती. माणसाची मोजलीच नव्हती. सकाळपासून जागा असलेला, वाटेत तोंडावर पाणी मारून आम्हाला सुखरूप आणणारा माणूस रात्री घाटातून एकटा निघणार होता आणि आम्ही गरम सालनाबरोबर तांदळाची भाकरी खाणार होतो.

त्यांना थांबवले. मालकांना फोन करून उद्याची ट्रिप दुसर्‍याकडे द्यायला सांगितले. ते आधी कुरकुरले, मग कबूल झाले. बुडणार्‍या भत्त्याचे 400 रुपये आम्ही दिले. नातेवाइकांनी बाहेरची खोली उघडून दिली, ताट वाढले. दादा संकोचाने म्हणाले, “भाऊबीजेला घरी पोचायचंय, एवढंच.” ते आम्हाला आधी विचारायला हवे होते.

सकाळी आम्ही फेरीबोटीत चढलो. दादांनी अम्मींना हात धरून बोटीवर आणले आणि गाडी दापोलीच्या दिशेने वळवली. थोड्याच वेळात आम्ही धोपाव्याला उतरलो. अंजनवेलचा वीज प्रकल्प त्याच किनार्‍यावर आहे, ‘एन्रॉन’ म्हणून एके काळी देशभर गाजलेला. गुहागरची गाडी उभी होती. तिच्या चालकाला आम्ही पहिला प्रश्न विचारला, “भाऊ, तुम्ही घरी किती वाजता पोहोचाल?”

जाणार्‍यांसाठी

असा प्रवास करणार असाल तर चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पैसे भरण्याआधी अटी वाचा आणि गाडी कुठे सोडता येईल हे लेखी घ्या. पाटीचा रंग पाहा. स्वतः चालवणार असाल तर गाडी घेताना आणि देताना चारही बाजूंचे, इंधनाच्या काट्याचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे चित्रण करून ठेवा. फेरीबोटीची वेळ आदल्या दिवशी विचारा, विशेषतः पावसाळ्यात. लांबचा एकच फेरा करण्याऐवजी खाडीवर प्रवास तोडता येतो का, तेही पाहा. कदाचित पैसे फार वाचणार नाहीत, पण स्थानिक गाडीवाल्याला काम मिळेल.

आणि व्यवहाराच्या कागदावर एक ओळ जरूर लिहा: ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार? मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी देण्याची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. त्या मजुरीत त्याची झोपही धरावी, असे आम्हाला दाभोळने शिकवले.

अम्मी अजून प्रतीक्षा यादीतच आहेत. मुसाफिराची दुआ कबूल होते म्हणतात. आमच्यासाठी त्या प्रवासात दोन मुसाफिरांनी दुआ केली असेल, एक फेरीबोटीतून पुढे जाणारी आणि एक रिकाम्या गाडीने घरी परतणारा. अल्लाह दोघांनाही सुखरूप पोहोचवो. आमीन.