ऊन आणि आई

मागच्या महिन्यात कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं व्हिटॅमिन डी ९ निघालं. २० च्या खाली म्हणजे कमतरता. जिना चढताना मांड्या का भरून येतात, त्याचं एक कारण सापडलं. दिवसभर आपण काचेआड, आणि त्वचेत डी बनवणारे यूव्ही-बी किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत. डी कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. मग पॅराथायरॉइड हार्मोन रक्तातली पातळी राखायला ते हाडांतून काढून घेतं. म्हणजे पीएफ मोडून घरखर्च!

सुट्टीत सोनाळ्याला गेलो. आई हसली, "इतकं ऊन हाये इथं, अन् तुले उनाचीच कमी?"

मी पण हसलो. पण तिचा हात प्लास्टरमध्ये होता. अंगणात नुसती घसरली, मनगट मोडलं. जन्मभर उन्हात कपाशी वेचलेली बाई. रिपोर्टमध्ये डी २८, अगदी व्यवस्थित. मग?

डॉक्टरांनी मला विचारलं, "यांची पाळी कधी गेली?" मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. आईच म्हणाली, "झाले बारा वर्सं."

इस्ट्रोजेन हाडं झिजवणाऱ्या पेशींना आवरून धरतं. पाळी गेली की तो लगाम सुटतो. नुसतं ऊन तिथे पुरत नाही.

असो. आता माझ्या गोळ्या चालू आहेत, आणि आईची डेक्सा करायची आहे. तुम्हीही आज घरी फोन कराल तेव्हा एवढं विचारा.