वह्यांपलीकडचं



आमचं सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. माझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंची मुलगी दुसरीत आहे. तिला जेमतेम ऐकू येतं. आपण ज्ञानदान म्हणून वह्या वाटतो. वह्या तिच्याकडे ढीगभर आहेत! बाईंचं बोलणंच कानावर पडत नाही, तर त्यात लिहिणार काय?

समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला 3500 रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यातून साधनं, प्रवास, मदतनीस असा खर्च होतो. मुलींना महिन्याला 200 रुपये, वर्षातले 10 महिने. रक्कम थोडकीच, पण हक्काची. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. ते काढायला धुळ्याची खेप, म्हणजे ताईंचा रोज बुडणार. मी सोबत गेले, पगार कापला नाही. (यालाही दानच म्हणा की!)

शाळा व्यवस्थापन समितीत, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, पाऊण सदस्य पालक आणि एकूण निम्म्या बायका असतात. तिथे विचारायचं कोणी? आपल्यापैकी ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत, त्यांनी जावं. येत्या बैठकीत श्रवणयंत्राचा विषय मांडायचा म्हणून ताईंनी माझ्याकडे आत्ताच सुट्टी सांगून ठेवलीय.