एक जूनची पोरं

सोलापूर, ४ जून

चि. वैशाली,

तुझं पत्र वाचलं आणि दुपारची झोप उडाली. ‘मावशी, सगळ्यांचे वाढदिवस एक जूनलाच उरकले,’ असं किती सहज लिहिलंस गं! बालगृहाची अधीक्षिका झालीस ना तू? शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी एक जून ठोकून द्यायचे. आपल्या भाऊंचीही तीच. पण गड्ड्याच्या जत्रेत, नंदीध्वज निघाले तेव्हा झालास, हे सांगायला भाऊंना आई होती. तुझ्या पोरांना कोण सांगणार? कपाटातल्या फायलीच ना?

त्या उघडून बघ. बाळ सापडलं तेव्हाच्या पंचनाम्यात नाळेचा उल्लेख असू शकतो: ओली होती की सुकलेली, दोऱ्यानं बांधलेली की रुग्णालयाची चिमटी लावलेली. तेवढ्यावरून डॉक्टर दिवसांचा अंदाज देतात. उघड्यावर सापडलेल्या तान्ह्या बाळाची खबर निबंधकाला देणं १९६९ च्या कायद्यानं गावात पाटलावर आणि शहरात पोलीस ठाण्यावर टाकलंय. आपल्या पंढरपुरात तर १८७५ पासून टाकलेली बाळं सांभाळणारा आश्रम आहे. आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, मतदारयादी, पासपोर्ट, सगळीकडे जन्मदाखलाच लागणार. वर्ष उलटल्यावर नोंद करायची तर जिल्हाधिकारी किंवा प्रांतांचा आदेश हवा. म्हणून टाळाटाळ नको. बालकल्याण समितीकडून वय ठरवून घे, आदेशाची प्रत फायलीत लाव.

आणि वाढदिवस ज्याचा त्याला दे. केक राहू दे. एकट्याला पाटावर बसव, ओवाळ, शेंगाची पोळी वाढ. पन्नास पोरांत त्या दिवशी सगळ्यांनी त्याच्याकडेच बघावं. स्वयंपाकीणबाई कुरकुरतील, त्यांना माझं नाव सांग.

पण माझ्या जिवाला घोर लागलाय तो तुझ्या हलगीवाल्या गण्याचा. घरच्या पोराला अठरावं लागलं तर पेढे वाटतात. आपल्या पोराला अठरा पुरी झाली की बालगृहातून पेटी उचलावी लागते. त्याची एक जून कुणी अंदाजानं लिहिली असेल आणि तो खरा दिवाळीतला असेल, तर बारावीच्या वर्षातले पाच महिने आपणच त्याच्या डोक्यावरचं छप्पर काढणार. पुढच्या जूनमध्ये तो जाणार कुठं? अठरा पुरी झालेल्यांच्या अनुरक्षणगृहासाठी विचारलंस का? त्याची वैद्यकीय तपासणी कधी झाली, कागदावर सही कुणाची, हे आजच बघ आणि रात्री फोन कर. मी जागी आहे.

तुझी,
मावशी