बेटाभोवतालच्या वाटा

मंडीदीप म्हटले की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे धुरांडी, मालमोटारींच्या रांगा आणि पाळ्या बदलताना होणारी सायकलींची व स्कूटरींची गर्दी एवढेच येते. लग्नामुंजीत भेटलेल्या आप्तांना "आम्ही मंडीदीपला असतो" असे सांगावे, तर त्यांच्या मुद्रेवर किंचित सहानुभूती उमटते. अशा वेळी मला त्यांना सांगावेसे वाटते, की या नावातला 'दीप' म्हणजे दिवा नव्हे. ते 'द्वीप' आहे, अशी इकडची पूर्वापार समजूत आहे. आमचे गाव एका नाहीशा झालेल्या तलावातले बेट आहे.

तो तलाव अकराव्या शतकातील परमार राजा भोजाचा. भोजपूरच्या पश्चिमेला डोंगरांची नैसर्गिक भिंत होती आणि तिला दोनच खिंडी होत्या. एक सुमारे १०० यार्ड रुंद, दुसरी सुमारे ५००. दोन्ही खिंडी मातीच्या बांधांनी बुजविल्या गेल्या आणि त्या बांधांना दोन्ही अंगांनी वालुकाश्माचे प्रचंड चिरे चुन्यावाचून बसविले गेले. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरने या जलाशयाचा विस्तार सुमारे २५० चौरस मैल धरला आहे. पुढे पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशहाने धाकटा बांध फोडला. गोंडांमध्ये अशी आख्यायिका आहे, की बांध फोडायला फौजेला तीन महिने लागले, पाणी ओसरायला तीन वर्षे, आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला तीस वर्षे.

हे सारे मी पुस्तकात वाचलेले होते. ते चाकांखाली अनुभवले मात्र गेल्या दोन वर्षांत, वयाची साठी उलटल्यावर. माझा भाचा येथील एका कारखान्यात अभियंता आहे. त्याने स्वतःसाठी नवी माउंटन बाइक घेतली आणि जुनी माझ्या अंगणात आणून उभी केली. "मावशी, उज्जैनला तू शाळेत सायकलनेच जात होतीस ना?" एवढेच त्याचे समर्थन. आमच्या यजमानांनी वर्तमानपत्र खाली न करताच "हाडे मोडलीस तर स्वयंपाक कोण करील?" असा प्रश्न विचारला. त्यांनी तो स्वतःला विचारला असावा असे समजून मी बाहेर पडले.

ही रानात चालवायची सायकल मूळची अमेरिकेतली. १९७० नंतरच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात काही तरुण जाड टायरांच्या जुन्यापान्या सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या वाटेने भरधाव खाली सोडीत. १९७६ साली त्यांनी त्याची शर्यतच लावली. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे, की त्यातील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक खेपेनंतर ते नव्याने भरावे लागे; म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले.

आमचे वेग तसे नाहीत. भाच्याने मला तीन गोष्टी शिकविल्या. टायरमधली हवा सडकेवर ठेवतो त्याहून थोडी कमी ठेवायची, म्हणजे चाक दगडाला धरते. उतारावर सीटवरून उठून अंग मागे न्यायचे. आणि नजर चाकाजवळ न ठेवता दहा हात पुढे ठेवायची. बाकीचे रान शिकविते.

कारखान्यांची हद्द संपली की शेतांमधून बैलगाडीची चाकोरी निघते. इथली जमीन काळी, सपाट, घोटून काढल्यासारखी. हिवाळ्यात तिच्यावरून सायकल अलगद जाते. पण आषाढात तीच माती चाक आणि फोर्क यांच्यामध्ये अशी दाटते, की शंभर पावलांत चाक फिरेनासे होते आणि काटकी घेऊन खरवडत बसावे लागते. मग एकाएकी चढ लागतो, माती संपते आणि तांबूस वालुकाश्माच्या फरश्या सुरू होतात. साग, तेंदू, धावडा, मधूनच पळस. त्या पहिल्या फरशीवर मी नेहमी उतरते. पाण्याची कड येथेच कुठेतरी असेल, असे माझे मन म्हणते. याला पुरावा काही नाही. पण पायाखालची सायकल जो फरक सांगते, तो मोटारीत बसून कळत नाही.

भाच्याने आणि त्याच्या चार मित्रांनी गावाच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांतील अशा तेरा वाटा शोधून मोबाइलवर त्यांचा नकाशा केला होता. रविवारी भोपाळहून येणाऱ्या सायकलस्वारांना तो द्यावयाचा होता. त्यातली सर्वांची लाडकी वाट मोहाच्या झाडांमधून वळणे घेत खाली उतरे.

गेल्या वर्षी चैत्रात त्या वाटेवर आम्ही उजाडता उजाडता गेलो. तिसऱ्या वळणावर पाच-सहा बायका ओणव्या होऊन फुले वेचीत होत्या. भाचा पुढे होता. त्याने ब्रेक दाबून सायकल झाडीत घातली. कोणालाही लागले नाही. परंतु एका म्हातारीची टोपली उलटली. आम्ही सर्वांनी मिळून फुले गोळा केली. तेव्हा ती म्हातारी मला म्हणाली, "बाईजी, आपकी साइकिल बोलती क्यों नहीं? हमारी तो बकरी भी घंटी पहनती है।"

खरेच, पन्नास-साठ हजारांच्या त्या सायकलींना घंटी नव्हती. वजन वाढते म्हणे!

घरी आल्यावर वाद झाला. म्हातारीचे बोलणे नुसते टोपलीपुरते नव्हते. मोह रात्री आणि पहाटे गळतो, म्हणून वेचणाऱ्यांना अंधारातच जावे लागते. ओणवे बसलेले माणूस श्वापदाला माणसासारखे दिसत नाही. मध्य भारतात मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात वाघ-अस्वलांचे हल्ले होतात ते बरेचदा असेच. त्या बायका बोलत, हाका घालीत काम करतात ते उगाच नव्हे. त्यांचे कान सतत रानाकडे लागलेले असतात. अशा वेळी मागून काहीतरी निःशब्द आणि वेगाने यावे, याचा अर्थ त्यांना काय वाटत असेल? शिवाय २ डिसेंबर २०२४ रोजी रातापानी हा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आहे. त्याचा गाभा सुमारे ७६४ चौरस किलोमीटर आणि भोवतालचा पट्टा सुमारे ५०८. गाभ्यात आम्ही कधी जात नाही; पण वाघ नकाशा पाहून हिंडत नाही.

एक मित्र म्हणाला, "वाट काही कोणाच्या मालकीची नाही. फलक लावू, सावध राहा म्हणून." मी विचारले, "फलक अंधारात कोण वाचणार? आणि वाट त्यांच्या पायांनी पडली आहे, आपल्या चाकांनी नव्हे." त्याला ते पटले नाही, तो आता आमच्याबरोबर येत नाही. कॅलिफोर्नियातही असेच झाले होते. पायी चालणाऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या तक्रारींवरून पुष्कळ अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या.

भाचा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने बाजारातून पाच साध्या पितळी घंट्या आणल्या, आणि नकाशातून ती वाट काढून टाकली. फाल्गुन ते वैशाख एवढ्यापुरतीच बंद ठेवावी असे मी सुचविले होते. तो म्हणाला, "मावशी, नकाशा एकदा लोकांच्या हातात गेला की त्यांना महिने कोण सांगणार?" मला वाईट वाटले. ती वाट मलाही आवडत होती.

आता आम्ही बहुधा भीमबेटकाच्या बाजूला, गावांना जोडणाऱ्या वाटांवर जातो. १९५७ मध्ये आगगाडीच्या खिडकीतून तिथले खडक पाहून विष्णु श्रीधर वाकणकर थबकले आणि पुढे पायी रान तुडवून त्यांनी तिथली चित्रे जगापुढे आणली. ते नीमचमध्ये जन्मलेले, आपल्यातलेच. त्या व्याघ्र प्रकल्पाला आज त्यांचेच नाव आहे. या भागात सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत. पैकी आमच्या टप्प्यात येतात ते थोडेच, आणि तेही लांबूनच पाहायचे.

दसऱ्यानंतर, माती वाळली की आशापुरीच्या भग्न मंदिरांकडे जायचा बेत आहे. यजमानांनी या वेळी हाडांविषयी काही विचारले नाही. घंटी सैल झाली आहे, तेवढी आवळून घे, म्हणाले.