काटा लाल, बाटली भरलेली

मंडळी, यंदा ऐन लावणीत ट्रॅक्टरने दगा दिला. तरवा बावीस दिवसांचा झालेला, लावणीला आठ बाया सांगून ठेवलेल्या, आणि व्हाळाकडच्या कोपऱ्यात चिखलणी करताना काटा लाल पट्ट्यात. उभा करायचा, गार होऊ द्यायचा, विहिरीचं पाणी ओतायचं, परत चालू. दोन दिवस असंच.

आधी रेडिएटरची जाळी धुतली. चिखल-भुसा भरला की वारा लागत नाही, हे ठाऊक होतं. बेल्टही ताठ होता. मेस्त्री फोनवरच म्हणाला, "हेड गॅस्केट गेलां." हेड उतरवायचं म्हणजे लावणी गेलीच!

संध्याकाळी शेजारचे काका बांधावर आले. म्हणाले, "रे, इंजान खोलूच्या आदी झाकान तरी बग."

झाकण काढलं तर खालचं रबर कडक होऊन चिरलेलं. मी त्याला आजवर नुसतं बूच समजत होतो. पण काम प्रेशर कुकरसारखं आहे. उघड्या टोपात पाणी 100 अंशाला उकळतं, 0.9 बारचं झाकण दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा 118-119 अंशाशिवाय उकळत नाही. दाब फार वाढला की स्प्रिंग उचलते आणि पाणी बाजूच्या बाटलीत जातं. इंजिन गार झालं की मधली बारकी झडप उघडून तेच पाणी परत ओढलं जातं. माझ्याकडे पाणी जायचं, परत यायचं नाही, कारण फाटक्या रबरातून हवाच आत शिरायची. बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा. आणि मी शहाणा बाटली बघून म्हणायचो, पाणी आहे की!

सकाळी तळेऱ्याला गेलो. मुंबई-गोवा हायवे, गगनबावड्याकडून येणारा कोल्हापूरचा रस्ता आणि विजयदुर्गचा फाटा तिथेच भेटतात, त्यामुळे दुकानात माल ट्रकचाच जास्त. दुकानदाराने एक जाड झाकण पुढे केलं, "ह्या बसतला." बसलंही असतं, पण त्यावर 1.1 होतं, माझ्या जुन्यावर 0.9. दाब जास्त म्हणजे चांगलं असं नाही, जुन्या नळ्या आणि सांधे फुटायचे. जुनं झाकण खिशात होतं म्हणून आकडाही जुळवता आला आणि आतल्या स्प्रिंगची उंचीही. दीडशे रुपये गेले.

एक सांगतो, इंजिन गरम असताना झाकणाला हात लावू नका. आदल्या दिवशी मी घाईत ओलं फडकं धरून पहिला टप्पा फिरवला, तेवढ्यात वाफ मनगटावर. फोड अजून आहे. वरची नळी हाताने दाबून बघावी. गार आणि मऊ लागली तरच उघडावं.

ओतलेलं विहिरीचं पाणी सोडून दिलं, तांबूस निघालं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी पुस्तकातल्या प्रमाणात भरलं. उरलेले तीन कोपरे त्या दिवसात झाले, काटा मध्यावरून हलला नाही.

पण दोन दिवस उकळलेल्या इंजिनाचं गॅस्केट आता खरंच बिघडलं नसेल ना, ही धास्ती आहेच. म्हणून बाटलीवर खडूने रेघ मारलीय आणि रोज सकाळी इंजिन गार असताना झाकण उघडून आत बघतो, तेलाची काडीही बघतो. आज अकरावा दिवस. पाणी रेघेवर आहे, तेल दुधाळ झालेलं नाही.