चारशे मीटरवरून

ज्वालामुखी बघायला जातोय असं सांगितल्यावर ऑफिसात दोन तर्‍हेची माणसं भेटली. एक 'फोटो टाक रे'वाली, दुसरी 'विमा काढलास ना?'वाली. आईचं तिसरंच. "आपण राहतो तो सगळा लाव्हाच ना? मग एवढ्या लांब कशाला?" मुद्दा बिनतोड. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. पण आपली ओळख ती थिजलेल्याशीच. तापलेला कधी बघितला नव्हता.

म्हणून २०२३ च्या जूनमध्ये स्ट्राँबोली. सिसिलीच्या उत्तरेला समुद्रातून उभा राहिलेला ९२४ मीटरचा डोंगर, पायथ्याशी पांढर्‍या घरांचं चिमुकलं गाव, काळ्या वाळूचा किनारा. एरवी काही मिनिटांच्या अंतराने माथ्यावर छोटे स्फोट होत राहतात, आणि हे हजारांहून जास्त वर्षं चालू आहे. जुने दर्यावर्दी त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणत. आतली भानगड बरीचशी सोड्याच्या बाटलीसारखी. पातळ मॅग्मातून वायूचे मोठाले बुडबुडे वर सरकतात, तोंडाशी येऊन फुटतात आणि तापलेले गोळे उडवतात.

पूर्वी वाटाड्याबरोबर थेट माथ्यावर जाता यायचं. ३ जुलै २०१९ ला दुपारी अचानक फार मोठा स्फोट झाला, डोंगरात फिरायला आलेला एक जण गेला. २८ ऑगस्टला पुन्हा तसाच. माथा बंद झाला. मी गेलो तेव्हाचा नियम : २९० मीटरपर्यंत स्वतःच्या पायांनी, ४०० पर्यंत वाटाड्याबरोबर, पुढे कोणीच नाही.

आमच्या गटातला एक गृहस्थ यावर सारखा कुरकुरत होता. एवढे पैसे मोजून अर्ध्यातूनच परत? वाटाडी पन्नाशीची, त्याच बेटावर वाढलेली. हेल्मेटचा पट्टा घट्ट करत तिने शांतपणे सांगितलं, "मी वर शेकडो वेळा गेलेय. त्या दिवशी सकाळीही डोंगर रोजच्यासारखाच दिसत होता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्याच वर्षी ९ डिसेंबरला न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर स्फोट झाला तेव्हा तिथे ४७ जण होते. २२ गेले. त्यांच्याकडेही वाटाडे होते, हेल्मेट होती. तीन आठवडे आधी धोक्याची पातळी एकाने वाढवलेली होती, तरी सहली चालू होत्या. वाटाड्याला वाट माहीत असते, स्फोटाची वेळ नसते. आपण मात्र पैसे देताना दोन्ही विकत घेतल्यासारखे वागतो. मला विचाराल तर त्या बाईंच्या कामातला सगळ्यात महागडा भाग म्हणजे 'इथून पुढे नाही' हे सांगणं. (स्ट्राँबोलीवर आता जमिनीचा कल मोजणारी यंत्रं आहेत. मोठ्या स्फोटाआधी डोंगर किंचित फुगतो, ते त्यांना कळतं. पण इशारा मिळतो तो काही मिनिटांचा. गावातल्या माणसाला समुद्रापासून दूर, उंचावर जायला तेवढा पुरेलही. माथ्यावरच्याने काय करायचं?)

असो. अंधार पडल्यावर मात्र कुरकुर आपोआप थांबली. आधी नुसताच लाल उजेड, मग भुईनळ्यासारखा उसळलेला कारंजा, आणि तो खाली यायला लागल्यावर आवाज. कानांपेक्षा छातीतच जास्त जाणवणारा. मग उतारावरून धोंडे गडगडत समुद्राकडे जाताना ऐकू येत राहतात, बराच वेळ. पुढच्या स्फोटापर्यंत कोणी बोलत नाही. मी चार फोटो काढले. चारही हललेले. नंतर कॅमेरा पिशवीत ठेवून दिला.

उतरताना बुटात काळी वाळू भरत होती. गावात पोचल्यावर बाईंनी आम्हाला दोनदा मोजलं, वायरलेसवर आकडा कळवला, आणि मगच स्वतःचं हेल्मेट काढलं.