खिशातलं १९७९ चं नाणं



यावेळी बँकेची आठवण नाही, सिनेमाची आहे. (बँक मध्ये येईलच, जन्मभराची सवय.)

अमेरिकेत मिशिगन राज्यात मॅकिनॉ नावाचं एक बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे मोटारगाड्यांना बंदी. घोडागाडी नाहीतर सायकल. तिथल्या ग्रँड हॉटेलात दर ऑक्टोबरात माणसं शंभर वर्षांपूर्वीचे कपडे घालून जमतात आणि एक जुना सिनेमा पुन्हा बघतात. सिनेमाचं नाव 'समव्हेअर इन टाइम', साल १९८०. नायक म्हणजे आपला सुपरमॅन, ख्रिस्तोफर रीव्ह. आला तेव्हा समीक्षकांनी झोडपला, थिएटरातून लगेच उतरला. पुढे केबलवर आणि व्हिडिओ कॅसेटवर लोकांनी तो असा उचलून धरला की अजून खाली ठेवलेला नाही.

माझ्या नातीने गेल्या दिवाळीत तो मला टीव्हीवर लावून दिला. "आजोबा, यात मारामारी नाहीये, बघा."

गोष्ट थोडक्यात सांगतो. एका तरुण नाटककाराला एक अनोळखी म्हातारी खिशातलं घड्याळ देते, परत ये म्हणून विनवते आणि निघून जाते. आठ वर्षांनी त्या हॉटेलात तो १९१२ सालच्या एका नटीचा फोटो बघतो. ती हीच. मग हा गडी जुन्या पद्धतीचा सूट घालतो, जुनी नाणी खिशात ठेवतो, पलंगावर पडून स्वतःला बजावत राहतो की आज १९१२ आहे, आणि खरंच तिथे पोचतो. दोघांचं जमतं. सगळं छान चाललेलं असताना तो गमतीत सुटाचे खिसे चाचपतो आणि हातात येतं १९७९ सालचं एक सेंटचं नाणं. त्यावरचं साल वाचलं की खेळ खलास. ती हाका मारत राहते आणि हा परत वर्तमानात.

मी कॅशमध्ये काढलेली वर्षं आठवली. नाण्यावरचं साल कोण बघतो हो? आम्ही पिशव्या वजनावर मोजायचो. पण सबंध सिनेमात मला खरी वाटलेली वस्तू तेवढी एकच. बाकी स्वतःला झोपवून इतकी वर्षं मागे जाणं वगैरे आपल्याला पटायला अवघड. कारण आपल्याकडे या कामासाठी यंत्र किंवा युक्ती लागतच नाही, पुनर्जन्म आहे! खतावणीत पान भरलं की खाली 'बाकी पुढे नेली' लिहायचं आणि पुढच्या पानावर तीच रक्कम वर मांडायची. आपले असले सगळे सिनेमे या एका नोंदीवर चालतात. त्यांतला पहिल्या नंबरचा 'मधुमती', १९५८.

'मधुमती' आमच्या घरचा सिनेमा. हिचं माहेर इगतपुरी. १९७७ मध्ये लग्न होऊन ही सुरतेला आली. गुजराती येत नव्हतं, शेजारणी काय बोलतात कळत नव्हतं, आणि लोचोला ही "फसलेला ढोकळा" म्हणायची (शेजारणींना मराठी कळत नव्हतं हे बरं). दुसऱ्या वर्षी स्टेशनजवळच्या थिएटरात 'मधुमती' मॅटिनीला लागला म्हणून घेऊन गेलो. धुक्यातून दिलीपकुमार तिला शोधत फिरतो ते आलं आणि ही कोपराने ढोसत म्हणाली, "अहो, हे आमच्याकडचं आहे!"

मला वाटलं माहेरची ओढ. पण ते खरं निघालं. बिमल रॉय यांनी चित्रीकरण केलं होतं नैनितालकडे. परत येऊन फिल्म धुतली तर बराच भाग धुरकट होऊन वाया गेलेला. पुन्हा तिकडे जाणं शक्य नव्हतं. मग वैतरणा धरणाच्या परिसरात पाइनची खोटी झाडं उभी केली आणि इगतपुरीला गॅसचं धुकं सोडून हिमालय तयार केला. कलादिग्दर्शक सुधेंदु रॉय. त्यांना त्याबद्दल फिल्मफेअर मिळालं. सगळी मिळून नऊ मिळाली आणि 'दिलवाले दुल्हनिया' येईपर्यंत हा विक्रम मोडला नाही. लताबाईंना पार्श्वगायनाचं फिल्मफेअर मिळालं तेही याच सिनेमातल्या गाण्याला, आणि ते त्या प्रकारातलं पहिलंच. कथा ऋत्विक घटक यांची. 'दो बीघा जमीन' काढणारा माणूस आणि घटकांसारखा कडक डावा माणूस, दोघांनी मिळून भूत आणि पुनर्जन्म! मला याची अजून गंमत वाटते.

ही तेव्हापासून प्रत्येक वेळी बघायची. रविवारी दूरदर्शनवर, मग कॅसेट, मग यूट्यूब. वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळून आली की मी विचारायचो, "काय, मागितलंस का सात जन्म?" ती म्हणायची, "अर्ज दिलाय. मंजूर झाला की कळवते."

ही २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. सुरतेत तेव्हा काय परिस्थिती होती ते इथल्या मंडळींना सांगायला नको. स्मशानातल्या भट्ट्यांचं लोखंड वितळल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. दवाखान्यात आम्हाला आत सोडत नव्हते, ते बरोबरच होतं. नर्सबाईंनी व्हिडिओ कॉल लावून दिला. तोंडावर मास्क, आवाज तुटत होता. आजारी पडायच्या आदल्या दिवशी तिने गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. ती म्हणाली, "कुरडया भरल्या का? नीट वाळल्याशिवाय डब्यात भरू नका, बुरशी येईल." मी काही बोलायच्या आत फोन कट झाला. पुन्हा लागला नाही.

म्हणून मंडळी, लोक असले सिनेमे पुन्हा पुन्हा का बघतात यावर कोणी मोठमोठं लिहिलं की मी गप्प बसतो. तारुण्य परत हवं असतं, पहिलं प्रेम परत हवं असतं, असं लिहितात. मला सव्विसाव्या वर्षाचा व्हायची काही हौस नाही, त्या वर्षी माझं प्रोबेशन चालू होतं. मॅकिनॉला टोपी घालून जमणाऱ्या बायकांनासुद्धा १९१२ साल हवं असेल असं वाटत नाही. प्रत्येकीचा कुठला तरी फोन कट झालेला असणार.

आणि नाण्याचं म्हणाल तर मला ते भेटलंय. आमचं खातं जॉइंट होतं, 'आयदर ऑर सर्व्हायवर'. हजारो लोकांकडून मी त्या ओळीपुढे सही घेतली असेल. सर्व्हायवर म्हणजे मागे उरलेला, हा अर्थ काउंटरच्या आतल्या बाजूने कधी डोक्यात येत नाही. मृत्यूचा दाखला जोडून, नियमाप्रमाणे अर्ज देऊन मी नाव कमी करून घेतलं. नवं पासबुक छापून आलं, पहिल्या पानावर एकच नाव. सकाळी अर्धवट झोपेत कधी वाटतं की स्वयंपाकघरात ही आहे, भांड्याचा आवाज येतो, मी जवळजवळ हाक मारतो. तेवढ्यात ते पान आठवतं.

पण त्या इंग्रजी सिनेमाचा शेवट मला अजिबात आवडला नाही. वर्तमानात परतल्यावर तो खाणंपिणं सोडून खुर्चीत खिडकीकडे बघत बसतो आणि मरतो. वर जाऊन ती भेटते. नात रडली. मी चिडलो. हिच्यासमोर कोणी असा उपाशी बसला असता तर हिने ताट आपटलं असतं पुढ्यात! ही गेल्यावर चार दिवस माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता. सूनबाई काही बोलली नाही, तव्यावरची भाकरी आणून ठेवायची आणि समोर बसून राहायची. पाचव्या दिवशी खाल्ली.

'मधुमती'त बघा, गेल्या जन्मीचा आनंद तिच्या मागे जाऊन मरतो खरा, पण सिनेमा तिथे संपत नाही. या जन्मीचा देवेंद्र ती सगळी आठवण सांगून संपवतो, तेवढ्यात बायकोच्या गाडीला अपघात झाल्याची बातमी येते, तो धावतो, आणि बायको-मूल सुखरूप असतात. वादळी रात्री तो मुळात निघालेला असतो तोच मुळी स्टेशनवर तिला आणायला. हे मला तरुणपणी दिसलंच नव्हतं, मी आपला धुकं आणि वैजयंतीमाला बघत होतो.

कुरडया मी त्याच संध्याकाळी उतरवल्या होत्या. एक मोडून बघितली, कडकडीत वाळली होती. डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवल्या. पुढच्या दिवाळीपर्यंत पुरल्या, एकीलाही बुरशी आली नाही.

येत्या रविवारी दुपारी तीनला आमच्याकडे 'मधुमती' आहे. अडाजण-पाल भागातल्या मंडळींनी जरूर यावं. लिफ्ट चालू आहे, चहा माझ्याकडे.